अठराशे टेबलांवरचा फोन बदलताना

जुना ईपीएबीएक्स, म्हणजे संस्थेचा स्वतःचा टेलिफोन एक्स्चेंज, काढून सगळीकडे आयपी फोन, म्हणजे संगणकाच्याच नेटवर्कवरून बोलणारे फोन, बसवायचे ठरले, तेव्हा माझ्या हातात सगळ्यात आधी एक यादी आली. एक्स्टेन्शन नंबर, नाव, विभाग, मजला. एकूण १,८१२ ओळी. मी नेटवर्कवाली. स्विच, राउटर, केबल यांत माझा दिवस जातो. टेलिफोनचं काम तोवर वेगळी माणसं बघायची, त्यामुळे ती यादी मी खरी धरली आणि तिच्यावरून फोनची मागणीसुद्धा काढायला बसले. तेवढ्यात टेलिफोन विभागातल्या जुन्या तंत्रज्ञांनी मला थांबवलं. म्हणाले, “मॅडम, आधी एकदा फिरून या. यादीतला फोन आणि जागेवरचा फोन यांची भेट होऊन बरीच वर्षं झालीत.”

आम्ही फिरलो. सहा इमारती, सात आठवडे. त्यांच्या खांद्याला तपासणीचा हँडसेट, माझ्या हातात यादी. प्रत्येक खोलीत जायचं, फोन उचलायचा, टोन ऐकायचा, आपलाच नंबर वाचून दाखवणारा कोड फिरवायचा आणि आलेला आकडा लिहून घ्यायचा. यादीत ‘राखीव’ लिहिलेल्या कित्येक नंबरांवर रोज कॉल येत होते. निवृत्त झालेल्या माणसांच्या नावाचे नंबर त्यांच्या जागेवर आलेली तिसरी व्यक्ती वापरत होती. एक नंबर तीन खोल्यांत एकाच वेळी वाजत होता, कारण कधीतरी कुणीतरी भिंतीतूनच जोड काढला होता.

तळघरातल्या पंपरूममध्ये मला जे दिसलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. भिंतीवर पिवळट पडलेला एक फोन, त्यावर प्लास्टिकची पिशवी, आणि रिसीव्हरच्या दांड्यावर बोटांनी झिजून गुळगुळीत झालेली जागा. यादीत हा नंबर नव्हताच. तिथल्या ऑपरेटरला विचारलं, यावर फोन कुणाचा येतो? ते म्हणाले, “येत कुणाचाच नाही. पाणी चढलं तर मी इथून करतो. मोबाइलला इथं रेंज नाही.” यादीवरून काम केलं असतं, तर जुना एक्स्चेंज बंद झाल्या दिवशी हा माणूस तळघरात एकटा पडला असता आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नसतं. तिथून पुढे मी प्रत्येक नंबरासमोर एक जास्तीचा रकाना केला: ‘हा बंद पडला तर कुणाचं काय अडेल?’ सगळ्या प्रकल्पात सर्वांत उपयोगी पडलेला कागद तोच.

त्या रकान्यातून वेगळीच मंडळी पुढे आली. लिफ्टमधले फोन. फायर अलार्मच्या पॅनेलमधून आपोआप नंबर फिरवणारी यंत्रं. फाटकावरचा इंटरकॉम. फॅक्स, आणि तेही दोन-चार नाहीत, चांगले एकतीस. यातल्या एकाच्याही जागी टेबलावरचा आयपी फोन ठेवून भागणार नव्हतं. लिफ्टचे फोन, इंटरकॉम आणि फॅक्स आम्ही अ‍ॅनालॉग गेटवेवर (जुन्या फोनची वायर नव्या नेटवर्कला जोडणारी पेटी) घेतले, म्हणजे यंत्र जुनंच, मागची वायर मात्र गेटवेला. फॅक्ससाठी टी.३८, म्हणजे नेटवर्कवरून फॅक्स पाठवायची खास पद्धत, चालू केलं, कारण आवाज दाबून पाठवणाऱ्या कोडेकमधून (आवाजाचे आकडे करणारं गणित) फॅक्सचे सूर धड पोहोचत नाहीत. माणसाच्या बोलण्यासाठी बनवलेलं गणित त्या सुरांना लागू पडत नाही. फायर अलार्मच्या बाबतीत मी वाद घातला आणि तो जिंकलाही. त्यांच्यासाठी टेलिफोन कंपनीच्या दोन साध्या तांब्याच्या लाइन थेट तशाच ठेवल्या. सगळं एकाच नेटवर्कवर आणलं की आराखडा देखणा दिसतो हे खरं, पण आग लागल्यावर नेटवर्क उभं असेलच याची हमी मी देऊ शकत नव्हते.

नियोजनाच्या बैठकांत सगळ्यात जास्त वेळ एका प्रश्नावर गेला: एवढे फोन आपल्या नेटवर्कला झेपतील का? त्याचं उत्तर खरं तर सोपं आहे. टेलिफोनवरचा आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, दर मोजणीला ८ बिट. म्हणजे ६४ किलोबिट. जी.७११ कोडेक एवढंच करतो. हा आवाज २० मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापून सेकंदाला ५० पॅकेट पाठवतात. प्रत्येकात आवाजाचे १६० बाइट आणि वर पत्त्याबित्त्याचे ४०. इथरनेटचं वेष्टण धरून एका बाजूला साधारण ८७ किलोबिट लागतात. एकाच वेळी शंभर जण बोलत असले तरी ९ मेगाबिटच्या आत. एखाद्या विभागाने सकाळी एक मोठी फाइल उघडली तर याहून जास्त भार येतो.

आवाजाला रस्ता फार रुंद लागत नाही, पण तो मध्येच अडलेला चालत नाही. तोंडातून निघालेला शब्द समोरच्याच्या कानापर्यंत १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचला, तर बोलणं सहज वाटतं. जास्त वेळ लागला की दोघं एकदमच बोलायला लागतात, मग दोघं एकदमच थांबतात. एखादं पॅकेट हरवलं तर फोन ती फट बुजवतो, कानाला कळतही नाही. लागोपाठ आठ-दहा हरवली की अख्खं अक्षर गळतं. म्हणून आवाजासाठी वेगळा व्हीलॅन, म्हणजे त्याच नेटवर्कमध्ये वेगळा कप्पा, केला, आवाजाच्या पॅकेटवर प्राधान्याची खूण लावली, डीएससीपी ४६, आणि वाटेतला प्रत्येक स्विच ती खूण मानतो की नाही हे एकेक करून तपासलं. तरी एक सुटलाच. चाचणीच्या काळात एका मजल्यावर रोज दुपारी ठरावीक वेळी आवाज तुटक यायचा. शोधल्यावर कळलं की त्याच वेळी बॅकअप सुरू होतं आणि मधला एक जुना स्विच सगळ्या पॅकेटवरच्या खुणा पुसून पुढे पाठवतो. एका ओळीची दुरुस्ती. शोधायला नऊ दिवस लागले.

वीजपुरवठ्याबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण नवीन काम हाती घेणारे सगळ्यात जास्त इथेच ठेचकाळतात.

जुन्या फोनला वीज एक्स्चेंजमधून यायची, त्याच दोन तारांवरून, ४८ व्होल्टची. एक्स्चेंजच्या शेजारी बॅटऱ्यांची खोली असायची. इमारतीतले दिवे गेले तरी फोन चालू, हे लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यामागे काही व्यवस्था आहे हेच कुणाला ठाऊक नव्हतं. आयपी फोनला वीज स्विचकडून येते, नेटवर्कच्याच केबलमधून. स्विच बंद तर फोन बंद. म्हणजे एका बॅटरीखोलीच्या जागी आता प्रत्येक मजल्यावरच्या रॅकला स्वतःचा यूपीएस हवा, त्या यूपीएसला जागा हवी, आणि कोंडलेल्या कपाटात हे सगळं तापणार म्हणून हवा खेळती हवी. आमच्याकडे असे ४३ रॅक. फोनांच्या किमतीवर बैठकीत कुणी हरकत घेतली नाही, यूपीएसवर मात्र तीन वेळा फाइल परत आली. चौथ्या वेळी मी पंपरूमवाला रकाना जोडून पाठवला आणि मंजुरी मिळाली.

दुसरी गोष्ट आम्ही स्वतः चुकलो ती. ४८ पोर्टचा स्विच, सगळ्या पोर्टवर पीओई, म्हणजे केबलमधून वीज द्यायची सोय, असं पाहून आम्ही निश्चिंत होतो. पहिल्या मजल्यावर एकेक फोन लावत गेलो. चोवीस फोनांचे पडदे उजळले. पंचविसावा उजळला नाही. फोन बदलला, केबल बदलली, पोर्ट बदलला, तरी काही नाही. शेवटी स्विचवर जाऊन हिशेब पाहिला. ८०२.३ एएफ या मानकाप्रमाणे एका पोर्टला जास्तीत जास्त १५.४ वॉट. ४८ पोर्टना पूर्ण द्यायचे तर ७३९ वॉट लागतात, आणि आमच्या स्विचच्या पॉवर सप्लायकडे पीओईसाठी होते ३७०. फोन प्रत्यक्षात फार थोडी वीज खात होता, पण जोडणीच्या वेळी तो स्वतःला वरच्या वर्गातला सांगायचा आणि स्विच त्याच्यासाठी पूर्ण १५.४ राखून ठेवायचा. चोवीस वेळा राखलं की भांडं रिकामं. पुढे एलएलडीपीमधून, म्हणजे जोडलेली यंत्रं एकमेकांना आपली माहिती कळवतात त्या पद्धतीतून, फोनने खरी गरज कळवायची आणि स्विचने तेवढीच द्यायची, अशी मांडणी केली आणि सगळे ४८ उजळले. खरेदीपूर्वी पोर्टांची संख्या सगळे बघतात. पॉवर बजेटचा आकडा कुणीतरी मोठ्याने वाचायला हवा.

बाहेरच्या लाइन किती घ्यायच्या याचा हिशेब मला फार आवडला. डेन्मार्कच्या कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर क्रारुप एर्लांग या गणितज्ञाने १९१७ साली मांडलेलं सूत्र आजही जसंच्या तसं चालतं. आमच्या सर्वांत गजबजलेल्या तासात बाहेरचे साधारण ८०० कॉल व्हायचे, सरासरी तीन मिनिटांचे. म्हणजे २,४०० मिनिटं, भागिले ६०, झाले ४० एर्लांग, म्हणजे सरासरी ४० कॉल एकाच वेळी चालू. शंभरातला एखादाच कॉल अडेल अशी सोय ठेवायची तर ६० वाहिन्या ४६-४७ एर्लांगपर्यंतचा भार पेलतात. आमच्याकडे प्रत्येकी ३० वाहिन्यांच्या चार लाइन होत्या, म्हणजे १२०. निम्म्या पुरे होत्या. तरी मी ९० ठेवल्या. एर्लांगचं सूत्र धरून चालतं की लोक एकमेकांशी न ठरवता आपापल्या वेळी फोन करतात. एखादी मोठी घोषणा झाली की सगळे एकदमच करतात.

चाचणीसाठी आधी आमचाच विभाग निवडला होता. दोन आठवडे काहीच बिघडलं नाही, कारण आम्ही फोनवर साधं बोलण्यापलीकडे काही करत नव्हतो. मग चाचणी हलवली ती वरिष्ठांच्या कार्यालयात, तक्रार निवारण कक्षात आणि गावाबाहेरच्या छोट्या शाखेत. तिथे सगळं एकदम बाहेर आलं. शाखेत फोन वाजायचा, उचलला की त्यांना आमचं ऐकू यायचं, आम्हाला त्यांचं नाही. पॅकेट पकडून पाहिली तर आवाज इथून जात होता, तिकडून येतच नव्हता. एसआयपीच्या, म्हणजे कॉल जोडायच्या भाषेच्या, निरोपात, आतल्या मजकुरात, ‘मला आवाज या पत्त्यावर पाठवा’ असं लिहिलेलं असतं. शाखेच्या राउटरमधली एसआयपी एएलजी नावाची सोय मदत करायला म्हणून तो पत्ता बदलत होती आणि चुकीचा लिहीत होती. ती बंद केली, प्रश्न मिटला.

आता ऑपरेटर काकांबद्दल.

आमच्या मुख्य बोर्डवर बसणारे काका दृष्टिहीन आहेत. बावीस वर्षं त्यांनी तो बोर्ड सांभाळला. शेकडो नंबर तोंडपाठ. आवाज ऐकून माणूस ओळखतात आणि नाव घेऊन विचारतात, “आज कुणाकडे जोडू?” पुरवठादाराच्या आराखड्यात त्यांच्या जागी संगणकाच्या पडद्यावरचा कन्सोल होता. कॉल रंगीत चौकटींत येणार, माउसने ओढून जोडायचा. आराखड्यावर सह्या झाल्या होत्या. मीही केली होती. ती सही करताना काका माझ्या डोळ्यांपुढे आले नाहीत, याचं मला आजही वाईट वाटतं.

मी नमुन्याचा फोन घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी आधी सगळा फोन हातांनी चाचपून घेतला. ५ च्या बटणावरचा बारीक उंचवटा सापडला तसं बोट तिथे टेकवलं आणि म्हणाले, “हे आहे ना, मग बाकीचं मी शिकतो. फक्त काचेवर बटणं देऊ नका.” मग आम्ही तीन आठवडे रोज एक तास बसलो. खरी बटणं असलेला फोन घेतला, शेजारी बटणांचं जोडपॅनेल. पॅनेलवर दर पाचव्या बटणाला त्यांनी स्वतः रबराचा ठिपका चिकटवला. बाहेरचा कॉल, आतला कॉल आणि परत आलेला कॉल यांना वेगवेगळ्या घंटा दिल्या. घंटा निवडल्या त्यांनीच, नऊ ऐकून तीन.

चौथ्या दिवशी ते म्हणाले, “मॅडम, समोरचा गप्प बसला की लाइन मेल्यासारखी वाटते. मी ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो.” मी हेडसेट कानाला लावला, मला काही वावगं वाटलं नाही. त्यांनी मला डोळे मिटून ऐकायला सांगितलं. आणि मग कळलं. समोरचा बोलायचा थांबला की आवाज पाठवणंच बंद करायची सोय गेटवेवर चालू होती, बँडविड्थ वाचवायला. खोलीची हलकीशी सरसर, श्वास, खुर्चीचा आवाज, सगळं त्या क्षणी कापलं जायचं. फोन जोडलेला आहे की तुटला, हे काका त्या सरसरीवरून ओळखत होते. आम्ही ती सोय सगळ्या संस्थेसाठी बंद केली. आम्हाला बँडविड्थची ददात नव्हतीच. पुढे लोक म्हणायचे, नवा फोन जुन्यासारखाच वाटतो. त्याचं श्रेय काकांच्या कानाला आहे.

प्रत्यक्ष बसवणं त्यामानाने यंत्रवत झालं. रात्री एक मजला, साधारण ऐंशी फोन. खोक्यावरचा बारकोड वाचायचा, त्या मॅक पत्त्यावर, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख-क्रमांकावर, एक्स्टेन्शन चढवायचं, फोन टेबलावर ठेवायचा. जोडला की नेटवर्कवर पत्ते वाटणारी डीएचसीपी सेवा त्याला सर्व्हरचा पत्ता सांगते, फोन आपली फाइल उतरवून घेतो आणि पडद्यावर नंबर येतो. लोकांच्या मागण्या अगदी मोजक्या होत्या. नंबर तोच हवा, आणि शेजारच्या टेबलावरचा फोन आपल्या जागेवरून उचलायचा कोड तोच हवा. दोन्ही ठेवलं. प्रशिक्षणाची जाडी पुस्तिका बाजूला ठेवून आम्ही हाताएवढं एक कार्ड छापलं: कॉल कसा जोडायचा, कसा उचलायचा, कसा वळवायचा. तेवढंच लागतं.

एका सोमवारी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचं सगळं नेटवर्क पडलं. फोन नाही, संगणक नाही, प्रिंटर नाही. आयपी फोनच्या मागे दोन पोर्ट असतात, एक भिंतीकडे, एक संगणकाकडे. एका टेबलावरचा संगणक दुरुस्तीला गेला होता आणि फोनच्या दुसऱ्या पोर्टची केबल मोकळी लोंबत होती. सफाई करताना कुणीतरी ती नीट राहावी म्हणून भिंतीतल्या मोकळ्या सॉकेटमध्ये घातली. झाला लूप. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्याची मर्यादा नसते. ती त्या वर्तुळात फिरत राहिली, दर फेरीत वाढत गेली, आणि मजला बुडाला. कुणी केलं याची चौकशी सुरू झाली होती, ती मी थांबवायला लावली. लोंबती केबल जागेवर लावणाऱ्याची चूक कसली? लूप दिसला की पोर्टने स्वतःच बंद व्हावं, अशी सोय स्विचमध्ये असते. ती आम्ही त्या मजल्यावर चालू करायला विसरलो होतो. त्याच दिवशी सगळ्या ४३ रॅकवर चालू केली.

आणखी एक काळजी उरली होती. आयपी फोन उचलून दुसऱ्या इमारतीत लावला तरी त्याचा नंबर त्याच्याबरोबर जातो. सोयीचं आहे. पण त्या फोनवरून कुणी आणीबाणीचा कॉल केला, तर मदत जुन्या खोलीकडे धावणार. म्हणून जागा ओळखायची ती पोर्टवरून, असं ठरवलं: कुठल्या स्विचचं कुठलं पोर्ट कुठल्या खोलीत, याची नोंद, आणि फोन हलला की सुरक्षा कक्षाला निरोप. ही नोंद ताजी ठेवणं हे कंटाळवाणं काम आहे. दर महिन्याला एक मजला मी स्वतः पायी तपासते.

सगळे फोन बदलल्यावरही जुना एक्स्चेंज आम्ही ३० दिवस चालूच ठेवला. रोज सकाळी त्याच्या नोंदी पाहायच्या: अजून कुणी वापरतंय का? अकराव्या दिवशी एका नंबरावरून दीड मिनिटाचा कॉल दिसला. तारेचा माग काढत गेलो तर गच्चीवरच्या लिफ्टच्या यंत्रखोलीत दाराआड लपलेला फोन. सात आठवड्यांच्या फेरीत तो आमच्या नजरेतून सुटला होता. त्यालाही गेटवेवर घेतलं.

तिसाव्या दिवशी, शनिवारी दुपारी, टेलिफोनच्या जुन्या तंत्रज्ञांनी स्वतःच्या हाताने एक्स्चेंजचा स्विच खाली केला. पंख्यांचा आवाज हळूहळू बसत गेला. ते दोन मिनिटं कपाटाला हात लावून उभे राहिले, मीही काही बोलले नाही. मग आम्ही दोघं तळघरात उतरलो. पंपरूमच्या भिंतीवर तोच जुना फोन होता, प्लास्टिकच्या पिशवीत, त्याची तार आता गेटवेला. मी पिशवी बाजूला करून रिसीव्हर उचलला. टोन होता. ९ दाबलं. तिकडे पहिलीच घंटा पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला. मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, “बोला. मागे पंपाचा आवाज येतोय. पाणी चढलंय का?”